आधण येईपर्यंत

"मला वेळ नाही" हे वाक्य आयुष्यात एकदाही न उच्चारलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि दैवयोगानं ती माझी सासू आहे. दुसऱ्या टोकाला मी. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवतो आणि हे वाक्य दिवसातून दहा-बारा वेळा तरी म्हणतो. म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मी खुर्चीत रेलून पंख्याकडे बघत बसलेलो असतो. सासूबाई पहाटे पाचला उठतात, रोज दीड-दोनशे भाकऱ्या थापतात, त्या कडक करून पुठ्ठ्यासारख्या एकावर एक रचतात, शेंगाचटणी कुटतात, लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेतात, गल्लीतली भांडणं मिटवतात, न मिटणारी चिघळवतात, आणि हे सगळं करून रोज व्हिडिओ गेम खेळतात. आमच्या घरात सासूला मामी म्हणायची पद्धत आहे, तेव्हा इथून पुढं मीही मामीच म्हणतो. लेखात जरा मोकळं वाटतं.

गेम म्हणजे मोबाइलवरचा नव्हे. माझे सासरे, म्हणजे मामा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते, सोलापुराहून रोज गाडीनं जाऊन-येऊन. माझी बायको मेघा पाचवीत असताना त्यांनी तिला टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायचा, दोन वायरवाल्या रिमोटचा गेम आणून दिला. मेघा आठ दिवसांत कंटाळली. मामा-मामी कंटाळले नाहीत. मामांना जाऊन आता सहा वर्षं झाली, पण तो गेम आणि तो डब्यासारखा जुना टीव्ही मामींच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर अजून आहे. वर सोलापुरी चादर पांघरलेली. चादर दूर करायची, कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, परत घालायची. ज्या तोंडानं तीस वर्षं चूल फुंकली त्याच तोंडाची फुंकर, त्यामुळे कॅसेटची काय बिशाद आहे न चालण्याची! मी फुंकली की पडद्यावर नुसत्या रेघा येतात.

कॅसेटवरचं चित्र केव्हाच घासून गेलंय, त्यामुळे त्या गेमला खरं नाव काय हे कुणालाच ठाऊक नाही. एक तांबडं माणूस, एक निळं माणूस. खालून पाणी चढत येतं आणि आपण शिड्या चढत वर जायचं, एक मजला, दुसरा मजला. वरून धोंडे पडतात ते चुकवायचे, दोन शिड्यांमध्ये उडी मारायची. जो आधी बुडेल तो हरला. मामी त्याला 'धरणाचा गेम' म्हणतात. त्यांचं माहेर उजनीच्या काठचं. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. मी एकदा विचारलं, "मामी, हाच गेम का आवडतो हो?" तर परातीतलं पीठ सारखं करत म्हणाल्या, "आमच्या गावात पाणी असंच चढत आलतं जावईबापू. फकस्त गाणं वाजत न्हवतं."

आता त्या खेळतात कधी? तर आधण येईपर्यंत. ज्वारीचं पीठ मळायला पातेल्यात पाणी तापत ठेवायचं, आणि ते खळखळ उकळेपर्यंत पाटावर बसून खेळायचं. एक आधण म्हणजे साधारण सहा-सात मिनिटं. त्यांच्या घड्याळात याहून मोठा वेळ नाहीच. कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे दोन डाव. फोनवरचा माणूस "थांबा हं, घरात विचारून सांगतो" म्हणाला की अर्धा डाव. आणि आधण आलं की आलं! मग माणूस शिडीच्या मधोमध लोंबकळत असो की उडीत असो, मामी रिमोट खाली ठेवून उठणार. पाठीमागं तो बिचारा गटांगळ्या खात बुडतो. मी एकदा हळहळलो तर म्हणाल्या, "बुडू द्या की. उद्या परत हितंच असतंय ते. आधण काय कुणासाठी थांबतंय व्हय?"

याच्यासमोर माझं बघा. दोन वर्षांपूर्वी मी तळहाताएवढं एक यंत्र विकत घेतलं. त्यात दहा हजार जुने गेम आहेत. बालपण परत मिळवायचं होतं मला, आणि तेही एकरकमी. शनिवारी दुपारी जेवून, दार लोटून, उशी पाठीशी घेऊन मी बसतो. आधी चार्जर सापडत नाही. मग दहा हजारांतला कुठला खेळावा यावर विचार सुरू होतो. गेमांची यादी 'ब'पर्यंत वाचून होते तोवर डोळे मिटायला लागतात. कामाच्या माणसानं थोड्या वेळात जुन्या गेमचा आनंद कसा घ्यावा, यावर मी एक व्हिडिओही पाहिला. तो सव्वा तासाचा होता. तेवढ्यात मेघा दारातून म्हणते, "रिकामेच बसलायत तर दळण टाकून या." की संपलं बालपण. आजवर त्या दहा हजारांतले मी चार गेम उघडले असतील, पूर्ण एकही खेळलो नाही. मात्र कॉलेजात कुणी विचारलं की "रेट्रो गेमिंग हा माझा छंद आहे," असं मी सांगतो.

तरीपण एका बाबतीत मी मामींच्या वर होतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी टीव्हीसमोर बसलो, मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, जावयाकडे पाठ होणार नाही अशा बेतानं तिरक्या बसल्या, आणि आम्ही पहिला डाव खेळलो. मी जिंकलो. दुसरा जिंकलो. अकरा वर्षं जिंकत आलो. तिसऱ्या मजल्यावर न चुकता मामींचं तांबडं माणूस पाण्यात पडायचं आणि त्या कपाळाला हात लावायच्या, "अगं बाई! बुडालं की वो माझं! जावईबापू, तुमच्यापुढं आमी कुटं टिकायचो?" मी मोठेपणानं हसायचो. इतकंच नव्हे, मी त्यांना शिकवायचो! "घाई करू नका मामी, बटण हलकं दाबा, नजर वर ठेवा." त्या "व्हय, व्हय" म्हणून मान डोलवायच्या आणि पुढच्या डावाला पुन्हा तिसऱ्याच मजल्यावर बुडायच्या. मी स्वतः नवव्या मजल्यापर्यंत गेलेलो होतो, आणि नवव्याच्या वर जाणं मनुष्यमात्राला शक्य नाही असं माझं प्रामाणिक मत होतं.

मग गेल्या वर्षी एका सकाळी माझा तास रद्द झाला आणि मी फोन न करता मामींकडे गेलो. आमच्यात जावयानं न सांगता सासुरवाडीला जायचं नसतं. पूर्वजांनी हा नियम उगाच केलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दारात चपला काढत होतो तर आतून गेमचं गाणं ऐकू आलं. पण हे गाणं मी कधीच ऐकलेलं नव्हतं. आम्ही खेळताना टिडिंग टिडिंग असं साधंसुधं वाजायचं, हे भलतंच भरधाव आणि गोड होतं. मी पाय न वाजवता स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. मामी पाटावर ताठ बसलेल्या. पदर कमरेला खोचलेला. एक डोळा पडद्यावर, एक डोळा शेगडीवर. तांबडं माणूस चढत होतं म्हणजे काय चढत होतं! पडणाऱ्या धोंड्यांवर पाय देऊन उड्या मारत होतं. पडद्याच्या कोपऱ्यात मजल्याचा आकडा होता, सत्तावीस.

मी चुकून "बापरे" म्हणालो. मामींनी मागं वळून पाहिलं. एका क्षणात कमरेचा पदर डोक्यावर आला, तांबड्या माणसानं सत्ताविसाव्या मजल्यावरून सरळ पाण्यात उडी घेतली, आणि मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई! बुडालं की वो माझं!"

 मग त्यांनी चहा टाकला आणि मी तो मुकाट्यानं प्यालो.

घरी येऊन मेघाला सांगितलं तर ती पोळी लाटायची थांबलीसुद्धा नाही. "अहो, तुम्हाला आत्ता कळलं होय? अकरा वर्षांनी?"

"तू का नाही सांगितलंस?"

"किती खूश असायचात तुम्ही! शिवाय जावयाला हरवायचं नसतं, असं आईचं म्हणणं. मानाचा माणूस. पाहुणचाराचं ताट तसंच हे."

म्हणजे अकरा वर्षं मी जे विजय म्हणून मिरवत होतो ते श्रीखंडाच्या वाटीबरोबर वाढलेले होते. स्टाफरूममध्ये मी काय काय बोललो होतो ते आठवून मला घाम फुटला. रागही आला, पण कुणावर काढायचा? मान दिला म्हणून सासूवर रागावलेला जावई कुणी ऐकलाय का? शेवटी ठरवलं की आपणही हरायचं. बघू किती दिवस मान देतात. पुढच्या रविवारी गेलो, बसलो, डाव सुरू झाला आणि मी माझं निळं माणूस पहिल्या शिडीखाली उभं करून ठेवलं. मामींनी तिरक्या नजरेनं पाहिलं आणि त्यांचं तांबडंही शेजारी आणून उभं केलं. पाणी चढायला लागलं.

"चढा की जावईबापू."

"आधी तुम्ही, मामी."

"असं कुटं असतंय व्हय? तुमी मानाचे."

"तुम्ही वडीलधाऱ्या."

पाणी दोघांच्या गळ्याशी आलं, नाकाशी आलं, आणि दोघंही एकाच वेळी बुडाले. गेममध्ये अशी वेळ येईल असं तो बनवणाऱ्याला वाटलं नसावं. पडदा निळा झाला आणि टीव्ही बंद करून परत लावावा लागला. असे आम्ही सलग पाच रविवार बुडालो.

याच दिवसांत मामींचा उजवा अंगठा बधिर व्हायला लागला. भाकरी थापताना मधेच पीठ हातातून सुटायचं. डॉक्टर म्हणाले, मनगटाशी नस दबलीय, ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर अंगठा पहिल्यासारखा चालेल याची खात्री नाही. उडीचं बटण उजव्या अंगठ्याचं असतं. मेघाला भाकऱ्यांची काळजी लागली. मला, सांगायला लाज वाटते, सत्ताविसाव्या मजल्याची. ही बाई खरी खेळते कशी ते मी दाराआडून अर्धं मिनिट चोरून पाहिलं होतं. माझ्याशी ती एकदाही खरी खेळली नव्हती, आणि आता कदाचित खेळणारही नव्हती.

माझ्या मदतीला धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, हवं ते मागायला सांगायचं. जावयानं "काही नको" म्हणायचं आणि सासूनं शर्टपीस द्यायचं, अशी रीत आहे. माझ्या कपाटात असे शिवायचे राहिलेले शर्टपीस बरेच आहेत. त्या दिवशी मामींनी धोंडे वाफेवर चढवले, मला ओवाळलं आणि म्हणाल्या, "सांगा, काय पायजे. न्हाय म्हणायचं न्हाय."

"एक डाव खेळा माझ्याशी," मी म्हणालो. "खरा. हरायचं नाही."

मामींनी तबक मागं घेतलं. "जावयाला हरवायचं? धोंड्याच्या महिन्यात? पाप लागंल की वो मला!"

"मागितलेलं दिलं नाही तर लागत नाही का?"

त्यांनी मेघाकडे पाहिलं. मेघा म्हणाली, "खेळ की आई. एवढं तोंडानं मागतायत."

 मामींनी तबक ठेवलं, बांगड्या कोपराकडे सारल्या, डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि पाटावर माझ्या शेजारी सरळ बसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ. "धोंडे होईपातूर," म्हणाल्या.

तिसरा मजला आला आणि गेला, "अगं बाई" काही ऐकू आलं नाही. पाचव्यापर्यंत मी त्यांच्या मागं होतो, सातव्याला त्यांची फक्त टाच दिसत होती. नवव्यावर एक धोंडा माझ्या डोक्यात बसला आणि मी रीतसर बुडालो. मामींचा हात थांबला. "थांबू नका," मी ओरडलो, "जा, जा वर!" त्या गेल्या. सोळाव्या मजल्यावर मागचं आभाळ जांभळं झालं आणि ते भरधाव गाणं सुरू झालं. विसाव्याला चांदण्या आल्या. मधूनमधून अंगठा दगा द्यायचा, मग त्या बोटाच्या पेरानं बटण दाबायच्या. मी आणि मेघा तोंडाचा आ करून बघत होतो. एकतिसाव्या मजल्यावर पातेल्याचं झाकण थडथडायला लागलं. मामींनी रिमोट ठेवला आणि धोंडे उतरवायला उठल्या.

जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "रागावलाव?"

"छे हो," मी म्हणालो.  हार मागितली होती मीच, पण इतकं हरायची तयारी नव्हती. ते लपवायला म्हणून मी विचारलं, "मामांना कितीदा हरवलंत?"

"एकदाबी न्हाय." त्या ताटात तूप वाढत होत्या. "ड्युटीवरनं आले की गाडीत काय झालं, कारखान्यात काय झालं, सगळं सांगत खेळायचे. मला शिकवायचे. घाबरू नगं, नजर वर ठिव. शेवटपातूर शिकवत हुते. मी बुडाले की लई हसायचे वो. ते हसणं बघायला म्हणून बुडायची मी. आन् ते गेले ड्युटीवर की मग एकटीच वर जायाची." तूप ताटाबाहेर सांडलं. "वर किती चांगलं हाय, बघितलंव न्हवं तुमी. त्यास्नी कायच बघायला मिळालं न्हाय. एकदा जरी हरवलं असतं तरी दिसलं असतं त्यास्नी."

मेघानं आईच्या पाठीवर हात ठेवला. मी धोंडा मोडून त्याच्याकडे बघत राहिलो. मीही "नजर वर ठेवा" असंच म्हणत आलो होतो.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. हाताला पट्टी होती तोवर भाकऱ्या शेजारच्या दोघीजणी थापायच्या आणि मामी पाटावर बसून त्यांना ओरडायच्या. मी कॉलेजला जाताना रोज वाट वाकडी करून जायचो. आधण ठेवलेलं असायचं. तेवढ्यात मी एकटा खेळायचो आणि ओरडा खायची पाळी माझ्यावर यायची. "अवो, धोंड्याला काय भ्यायचं? त्याच्यावर पाय द्या! शिकवता काय कॉलेजात?" सात मिनिटांत किती खेळ होतो हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. दहा हजार गेमांचं यंत्र मी मेघाच्या भाच्याला देऊन टाकलं. दोन महिन्यांत चौदाव्या मजल्यापर्यंत पोचलो.

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामींनी कॅसेट फुंकली आणि तांबड्याचा रिमोट हातात घेतला. आम्ही चढायला लागलो. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं माणूस शिडीपाशी अडखळलं आणि पाण्यात पडलं. मी "अगं बाई"ची वाट पाहिली.  मामी आपल्या अंगठ्याकडे बघत होत्या. तो हलायचा तेवढा हलत होता आणि ते पुरेसं नव्हतं.

मी फार विचार केला नाही. माझ्या निळ्याला सरळ पाण्यात घातलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा! बुडालं की हो माझं!" अभिनय वाईट झाला नसावा, अकरा वर्षं चांगल्या ठिकाणी पाहिलेला होता.

मामींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "जावईबापू, खोटं खेळायचं न्हाय. आपलं ठरलंय."

"पण मामी..."

"पण न्हाय आन् बिन न्हाय. तुमी चढा. मी येते मागनं, आज न्हाय तर उद्या. कुणीतरी वर असलं म्हंजे बरं असतंय."

त्यांनी डाव परत लावला. या वेळी त्या चौथ्यावर बुडाल्या आणि मी थांबलो नाही. दहावा गेला, बारावा गेला. "पाय द्या धोंड्यावर," मामी म्हणाल्या. चौदावा गेला. पंधराव्याला पाणी टाचेला लागलं. सोळाव्यावर मी पाय ठेवला आणि मागचं आभाळ जांभळं झालं, ते गाणं सुरू झालं.

"आलं की वो!" मामी टाळी वाजवून म्हणाल्या. दुखऱ्या हातानं वाजवली. मग सरकून माझ्या शेजारी येऊन बसल्या. "थांबू नगा. म्होरं चांदण्या हायत."

मागं आधण कधीचं खळखळ उकळत होतं. मामी उठल्या नाहीत.